मतदान केव्हा घ्यावे? : कंबोडियाच्या १९९३ च्या निवडणुकीचा विचार

ज्या देशात सैनिकांनी शस्त्रे खाली ठेवलेली नाहीत, शेतांत आणि रस्त्यांखाली सुरुंग पेरलेले आहेत आणि एक सशस्त्र पक्ष मतदान उधळून लावण्याची उघड धमकी देत आहे, त्या देशात सार्वत्रिक निवडणूक घ्यावी काय? आधी शांतता नांदू द्यावी, मग लोकांचे मत विचारावे, असे एक म्हणणे असते. लोकांचे मत विचारल्याशिवाय शांतता येणारच नाही, असे दुसरे म्हणणे असते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे आणि म्हणूनच हा वाद केवळ तर्काने सुटत नाही. तो एखाद्या देशाच्या अनुभवातच तपासून पाहावा लागतो. कंबोडिया ह्या बौद्ध देशापुढे १९९३ साली हा प्रश्न उभा राहिला होता. त्याचे उत्तर त्या देशाने कसे दिले आणि पुढे त्या उत्तराचे काय झाले, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

कंबोडियाचा पूर्वेतिहास वाचकांना स्थूलमानाने ठाऊक असेल. १७ एप्रिल १९७५ रोजी पोल पॉटच्या ख्मेर रूज संघटनेने राजधानी नॉम पेन्ह ताब्यात घेतली. ७ जानेवारी १९७९ रोजी व्हिएतनामच्या सैन्याने ती राजवट उलथून टाकली. मधल्या पावणेचार वर्षांत सुमारे १७ लाख माणसे उपासमारीने, अतिश्रमाने आणि हत्याकांडांत मरण पावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. विहार ओस पडले, भिक्षूंची चीवरे बळजबरीने उतरवली गेली, हजारो भिक्षू मारले गेले. त्यानंतरचे दशक यादवीत गेले. नॉम पेन्हमध्ये व्हिएतनामच्या पाठिंब्याने हुन सेन यांचे सरकार होते. थायलंडच्या सीमेवर त्याच्याविरुद्ध तीन गट लढत होते : राजपुत्र रणरिद्ध यांचा राजनिष्ठ फुनसिनपेक पक्ष, सोन सान यांचा गट आणि पुन्हा ख्मेर रूज. सीमेवरील छावण्यांत साडेतीन लाखांहून अधिक निर्वासित दिवस कंठीत होते.

२३ ऑक्टोबर १९९१ रोजी पॅरिस येथे ह्या चारही पक्षांनी करारावर सह्या केल्या. कराराची रचना पायरीपायरीने होती. प्रत्येक पक्षाने आपले सैन्य ठरलेल्या छावण्यांत आणून त्यातील शेकडा ७० सैनिकांना निःशस्त्र करून घरी पाठवावे, संयुक्त राष्ट्रसंघाच्या प्रशासनाने परराष्ट्र, संरक्षण, अर्थ, सार्वजनिक सुरक्षा आणि माहिती ही पाच खाती आपल्या देखरेखीखाली घ्यावीत, त्यामुळे निःपक्षपाती राजकीय वातावरण निर्माण व्हावे आणि मग निवडणूक व्हावी. ह्या प्रशासनाला त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून 'अंटॅक' म्हणत. जपानचे यासुशी आकाशी हे त्याचे प्रमुख आणि ऑस्ट्रेलियाचे जनरल जॉन सँडरसन हे सेनापती. सुमारे १६ हजार सैनिक, ३६०० पोलीस आणि मोठा नागरी सेवकवर्ग त्यांच्या हाताखाली होता. त्यात भारतीय सैन्याची तुकडीही होती.

पहिल्याच पायरीवर गाडे अडले. मे १९९२ च्या अखेरीस आकाशी आणि सँडरसन हे पैलिन ह्या ख्मेर रूजच्या मुलखाकडे निघाले असता रस्त्यावर आडवा टाकलेला एक बांबू त्यांना लागला. दोनचार तरुण सैनिक पहाऱ्यावर होते. त्यांनी बांबू उचलण्यास नकार दिला आणि जगातील सर्व राष्ट्रांच्या वतीने आलेले हे दोन अधिकारी परत फिरले. ह्या प्रसंगावरून अंटॅकची पुष्कळ चेष्टा झाली. ख्मेर रूजने निःशस्त्र होण्यास साफ नकार दिला. व्हिएतनामचे सैनिक अजूनही वेष पालटून देशात आहेत आणि नॉम पेन्हचे सरकार अंटॅकच्या खऱ्याखुऱ्या ताब्यात नाही, ही त्यांची दोन कारणे होती. पहिल्या कारणाला फारसा आधार नव्हता. दुसऱ्यात मात्र तथ्य होते. पाच खात्यांवरील देखरेख बव्हंशी कागदोपत्रीच राहिली, आणि हुन सेन यांच्या पक्षाच्या पोलिसांकडून विरोधी कार्यकर्त्यांवर हल्ले आणि खुनाचे प्रकार घडत राहिले. ख्मेर रूज शस्त्रे टाकत नाही असे दिसताच बाकीच्या पक्षांनीही हात आखडता घेतला. सुमारे ५५ हजार सैनिक छावण्यांत आले होते, त्यांपैकी बहुतेकांना पुढे शेतीच्या कामासाठी म्हणून रजा द्यावी लागली.

करारातील अट पुरी झालेली नाही, मग निवडणूक घ्यावयाची कशी, असा पेच १९९२ च्या अखेरीस पडला. तीन वाटा होत्या. बळाचा वापर करून ख्मेर रूजला वठणीवर आणावे, अशी अंटॅकच्या फ्रेंच उपसेनापतींची धारणा होती. आकाशी आणि सँडरसन यांनी ती मान्य केली नाही, कारण शांतिसेना एकदा लढू लागली की ती पाचवा पक्ष बनते. दुसरी वाट निवडणूक पुढे ढकलण्याची. तिसरी, ख्मेर रूजला वगळून ठरल्या वेळी मतदान घेण्याची. ३० नोव्हेंबर १९९२ च्या ठरावाने सुरक्षा परिषदेने तिसरी वाट पत्करली आणि मार्च १९९३ मध्ये मे महिन्यातील तारखांवर शिक्कामोर्तब केले.

लांबणीवर टाकण्यात सुरक्षितता असते, असे सहज वाटते. कंबोडियात ती नव्हती. निर्वासित परतू लागले होते, ऑक्टोबर १९९२ पासून जानेवारी १९९३ पर्यंत सत्तेचाळीस लाखांहून अधिक मतदारांनी नावे नोंदवली होती, आणि पावसाळा तोंडावर होता. राष्ट्रसंघाचा पैसा व धीर ह्या दोहोंनाही मर्यादा होती. ह्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ख्मेर रूजच्या नकारामुळे निवडणूक थांबली असती तर तो नकार सर्वांत बलाढ्य ठरला असता. जो शस्त्र टाकत नाही त्याच्या हाती देशाचे पंचांग जाते. उद्या दुसऱ्याही पक्षाने तेच केले असते. सँडरसन यांनी सैन्याचे काम बदलले, ते मोठ्या दूरदृष्टीचे होते. निःशस्त्रीकरणासाठी पसरलेल्या तुकड्या त्यांनी मतदानाच्या रक्षणासाठी नव्याने मांडल्या आणि उरलेल्या तीन पक्षांच्या सैन्यांनाही आपापल्या मुलखात मतदानाला धक्का लागू न देण्याची जबाबदारी घ्यायला लावली.

परंतु निवडणुकीने हिंसा थांबवली, असे कोणी म्हणत असेल तर ते खरे नाही. काही हिंसा तर निवडणुकीमुळेच वाढली. मार्च १९९३ मध्ये तोन्ले साप सरोवरावरील एका तरंगत्या वस्तीवर ख्मेर रूजने हल्ला करून व्हिएतनामी वंशाची तीसहून अधिक कोळी माणसे मारली. त्यांत लहान मुले होती. त्यानंतर हजारो व्हिएतनामी कुटुंबे होड्यांतून नदीमार्गे सीमेकडे पळाली. ही माणसे पिढ्यान्‌पिढ्या तेथेच मासेमारी करीत आलेली होती. त्यांच्याविरुद्धचा द्वेष केवळ ख्मेर रूजच पसरवीत नव्हते, मते मिळावीत म्हणून लोकशाहीवादी म्हणवणाऱ्या पक्षांचे वक्तेही सभांतून तीच भाषा बोलत होते. बहुसंख्यांचा कौल मागण्याच्या घाईत अल्पसंख्याकांची सुरक्षितता पणाला लागते, हा अनुभव आपल्याला परका नाही. एप्रिलमध्ये कोंपोंग थोम प्रांतात मतदानाचे काम पाहणारा एक जपानी तरुण स्वयंसेवक व त्याचा कंबोडियन दुभाषा गोळ्या घालून मारले गेले. त्याच महिन्यात ख्मेर रूजच्या प्रतिनिधींनी राजधानी सोडली आणि आता मोठा हल्ला होणार, अशी भीती पसरली.

ह्या भीतीवर दोन गोष्टींनी मात केली.

पहिली गोष्ट गुप्त मतदानाची हमी. ज्या लोकांनी पोल पॉटच्या काळात एका शब्दापायी शेजाऱ्याला नाहीसे होताना पाहिले, त्यांना 'तुमचे मत कोणाला कळणार नाही' हे पटावे कसे? गावोगावी अफवा होत्या. मत कोणाला दिले ते सरकारला यंत्राने समजते, असे सांगितले जात होते. काही ठिकाणी लोकांची मतदार-पत्रे काढून घेण्यात आली, काही ठिकाणी त्यांच्याकडून विशिष्ट पक्षाला मत देण्याची शपथ वदवून घेतली गेली. अंटॅकने स्वतःचे नभोवाणी केंद्र चालवले. जपानमधून आलेले रेडिओ संच खेड्यांत वाटले गेले आणि दिवसामागून दिवस एकच गोष्ट सांगितली गेली : मतपत्रिकेवर तुमचे नाव नाही, पडद्याआड तुमच्यासोबत कोणी नाही, आणि दडपणाखाली दिलेले वचन तुम्हाला मतदानाच्या वेळी बांधून ठेवीत नाही. माझ्या मते अंटॅकचे सर्वांत यशस्वी काम बंदुकीने झाले नाही, ते ह्या नभोवाणीने केले.

दुसरी गोष्ट भिक्खू महाघोसानंद यांची पदयात्रा. महाघोसानंद यांचे उच्च अध्ययन बिहारमधील नालंदा येथे झाले होते. स्वदेशात संहार चालू असताना ते थायलंडमधील अरण्यविहारात होते. पुढे ते निर्वासितांच्या छावण्यांत गेले आणि तेथे मेत्तसुत्ताच्या प्रती वाटत फिरले. १९९२ साली त्यांनी थायलंडच्या सीमेपासून नॉम पेन्हपर्यंत पहिली धम्मयात्रा काढली. दुसरी यात्रा मे १९९३ मध्ये, मतदानाच्या ऐन तोंडावर, सियाम रीपहून राजधानीकडे निघाली. महिन्याच्या आरंभीच ख्मेर रूजने सियाम रीप शहरावर हल्ला केला होता. यात्रेकरू विहारात जमलेले असतानाच गोळीबार झाला आणि त्यांच्यातील काही जखमी झाले. यात्रा रद्द करावी असा सल्ला देणारे पुष्कळ होते. यात्रा निघाली. वाटेत गावकरी पाण्याची भांडी आणि उदबत्त्या घेऊन रस्त्याच्या कडेला बसत. सैनिक बंदुका खाली ठेवून पाणी शिंपडून घेत आणि आपली गोळी कोणाला लागू नये असा आशीर्वाद मागत. महाघोसानंदांनी कोणत्याही पक्षाला मत द्या असे सांगितले नाही. ज्या रस्त्यावरून चालता येत नाही असे लोक समजत होते, त्यावरून ते चालले. मतदान केंद्रही त्याच रस्त्यावर होते.

२३ ते २८ मे ह्या दिवसांत मतदान झाले. पाऊस होता. लोक ठेवणीतले कपडे घालून पहाटेपासून रांगा लावून उभे होते. बेचाळीस लाखांहून अधिक लोकांनी, म्हणजे नोंदलेल्या मतदारांपैकी शेकडा ८९ हून अधिक लोकांनी मत दिले. अपेक्षित असलेला मोठा हल्ला झाला नाही. वायव्येकडे तर ख्मेर रूजच्या ताब्यातील मुलखातूनही काही माणसे केंद्रांवर येऊन मत देऊन गेली. निकाल असा लागला : १२० जागांपैकी फुनसिनपेकला ५८, हुन सेन यांच्या पक्षाला ५१, सोन सान यांच्या पक्षाला १० आणि एका लहान पक्षाला १. सत्ता, पोलीस, सैन्य व गावपातळीवरील अंमलदार हाती असलेला पक्ष हरला होता. गुप्ततेची हमी लोकांना पटली होती, ह्याचा ह्याहून मोठा पुरावा नको.

येथे विनयपिटकातील एक प्रकरण आठवते. भिक्षुसंघातील वाद बहुमताने मिटविण्याच्या पद्धतीला 'येभुय्यसिका' म्हणतात. तीत रंगीत शलाका वाटून मते घेतली जात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात संघाच्या ह्याच कार्यपद्धतीकडे देशाचे लक्ष वेधले होते. मत घेण्यास जो भिक्षू नेमावयाचा तो छंद, द्वेष, मोह आणि भय ह्यांच्या आहारी न जाणारा असावा, असे चुल्लवग्ग सांगतो. त्याचबरोबर शलाकाग्रहण कोणत्या दहा परिस्थितींत अधर्म्य ठरते, हेही तेथे दिले आहे. वाद क्षुल्लक असेल, त्याची आधी पुरेशी चर्चा झालेली नसेल, भिक्षू गटागटाने शलाका घेत असतील किंवा आपल्या स्वतःच्या मताप्रमाणे घेत नसतील, तर ते मतदान खरे नव्हे. आणि आणखी एक : ह्या मतदानाने संघ फुटेल, असे जाणवत असेल तर.

आपल्या प्रश्नाशी हे शेवटचे कलम थेट भिडते. तुलना मात्र जपून करावयास हवी. त्याच प्रकरणात, अधर्मवादी बहुसंख्य आहेत असे दिसल्यास शलाका नीट घेतल्या गेल्या नाहीत असे म्हणून मत पुन्हा घेण्याची मुभा शलाका वाटणाऱ्याला आहे. आजच्या निवडणूक अधिकाऱ्याला ती देता येणार नाही. दुसरे असे की, संघातून फुटून निघणारा भिक्षू आपले अनुयायी घेऊन निघून जातो, त्याच्याजवळ तोफा नसतात. राज्यात फुटून निघणाऱ्याजवळ त्या असतात. 'फूट पडेल तर मत घेऊ नका' हा नियम राज्याला शब्दशः लावला, तर फुटण्याची धमकी देणाराच राजा होतो. त्या नियमातून घ्यावयाचे ते एवढेच की, मोजणीच्या दुसऱ्या दिवशी हरणाऱ्याचे काय होणार, ह्याचा विचार मतदानाच्या आदल्या दिवशी झालेला असला पाहिजे.

ह्याच कसोटीवर अंगोलाचे उदाहरण बोलके आहे. कंबोडियाच्या आठ महिने आधी, २९ व ३० सप्टेंबर १९९२ रोजी, त्या आफ्रिकी देशात निवडणूक झाली. तेथेही यादवी संपवणारा करार होता आणि तेथेही सैन्ये पुरती विसर्जित झालेली नव्हती. राष्ट्रसंघाचे पथक मात्र अगदी लहान होते. राष्ट्राध्यक्षपद एकच, त्यामुळे जो जिंकेल त्याला सर्व, जो हरेल त्याला काहीच नाही. जोनास साव्हिम्बी मागे पडले, त्यांनी निकाल नाकारला आणि महिनाभरात युद्ध पुन्हा पेटले. ते २००२ साली साव्हिम्बी मारले जाईपर्यंत थांबले नाही.

कंबोडियात ख्मेर रूजवर सर्वांचे डोळे लागले असताना फूट दुसरीकडूनच आली. जून १९९३ मध्ये हरलेल्या पक्षातील राजपुत्र चक्रपोंग (रणरिद्ध यांचे सावत्र भाऊ) ह्यांनी पूर्वेकडील प्रांत वेगळे झाल्याचे जाहीर केले. हे बंड थोड्याच दिवसांत आवरले, पण त्याने आपले काम केले होते. नवे संविधान मंजूर करण्यास दोनतृतीयांश, म्हणजे ८० मते हवी होती. फुनसिनपेक व त्याचे मित्र मिळून ६९ होत होते. सिहानूक यांच्या मध्यस्थीने तोड निघाली : रणरिद्ध पहिले पंतप्रधान, हुन सेन दुसरे पंतप्रधान. सप्टेंबर १९९३ मध्ये संविधान लागू झाले, सिहानूक पुन्हा राजे झाले, बौद्ध धम्म राजधर्म ठरला. अंटॅक आवरते घेऊन निघून गेले.

ह्या तडजोडीला लोकमताचा अपमान म्हणणारे आहेत. मी तसे म्हणत नाही. हरणाऱ्याला जागा मिळाली म्हणून अंगोला टळला. दोष दुसराच आहे. जागा दिली, पण तिच्या बदल्यात काहीच घेतले नाही. सैन्य, पोलीस, न्यायालये आणि खेड्यातील अंमलदार हुन सेन यांच्याकडेच राहिले. दोन्ही पंतप्रधानांची खाजगी सैन्ये वाढत गेली. शस्त्रे उतरवण्याची जी पायरी १९९२ मध्ये नाइलाजाने ओलांडली, तिच्याकडे निवडणुकीनंतर परत यावयास हवे होते. तोपर्यंत जगाचे लक्ष बोस्निया आणि सोमालियाकडे गेले होते. जुलै १९९७ मध्ये राजधानीत दोन दिवस लढाई होऊन रणरिद्ध पदच्युत झाले आणि त्यांचे अनेक सेनाधिकारी पकडून ठार केले गेले. ख्मेर रूज मात्र १९९३ नंतर खंगत गेली. १९९६ मध्ये तिचा मोठा भाग फुटून सरकारकडे गेला आणि एप्रिल १९९८ मध्ये पोल पॉट जंगलात मरण पावला. मतदानाने तिचा पराभव एका दिवसात केला नाही, पण लोकांच्या वतीने बोलण्याचा तिचा दावा कायमचा काढून घेतला.

ब्रह्मदेशाशी ह्याची गल्लत होऊ नये. फेब्रुवारी २०२१ मध्ये तेथील सेनापतींनी निवडून आलेले सरकार कैदेत टाकले, मार्च २०२३ मध्ये आंग सान स्यू ची यांचा पक्ष विसर्जित केला आणि डिसेंबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने निवडणूक सुरू केली. यादवी दोन्हीकडे होती. कंबोडियात मात्र सशस्त्र पक्ष स्वतःहून मतदानापासून दूर राहिला, त्याच्यासाठी दार उघडे होते. ब्रह्मदेशात लोकांनी ज्याला निवडले होते त्यालाच शस्त्रधाऱ्यांनी बाहेर काढून दार लावून घेतले. चुल्लवग्गाच्या भाषेत, आपल्या मताप्रमाणे शलाका घेताच येऊ नये अशी ती व्यवस्था आहे. अस्थिर देशात निवडणूक घ्यावी की नाही, ह्या प्रश्नाचे एकच उत्तर दोन्ही ठिकाणी लागू पडत नाही, ते ह्याच कारणाने.

कंबोडियातही पुढे तेच घडले. नोव्हेंबर २०१७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने मुख्य विरोधी पक्ष विसर्जित केला आणि २०१८ च्या निवडणुकीत हुन सेन यांच्या पक्षाला १२५ पैकी १२५ जागा मिळाल्या. देशात यादवी नव्हती, रस्ते सुरक्षित होते, केंद्रांवर शांतता होती. मत न देणाऱ्याच्या बोटावर शाई दिसणार नाही आणि तो ओळखू येईल, हे सर्वांना कळत होते, म्हणून लोक गेले आणि बोटे शाईत बुडवून आले. मोजणीत सुमारे ५ लाख ९४ हजार मतपत्रिका बाद निघाल्या. सत्ताधारी पक्ष सोडला तर रिंगणातील कोणत्याही पक्षाला तेवढी मते मिळालेली नव्हती. पडद्याआड आपल्यासोबत कोणी नसते, ही १९९३ मध्ये रेडिओवर ऐकलेली गोष्ट कोणीतरी लक्षात ठेवली होती.